दोष सप्लायमध्येच आहे

झटका बसला तेव्हा बटण बंद होतं. प्लगसुद्धा मी स्वतःच्या हातानं भिंतीतून उपसून टेबलावर ठेवला होता. तरीही पेटीत बोट घातल्याबरोबर कुणीतरी खांद्यापर्यंत हात पिरगाळावा तसं झालं, कोपर मागच्या लोखंडी कपाटावर आपटलं आणि फिजिक्सच्या लॅबमध्ये न शोभणारा एक शब्द तोंडातून गेला. ऐकायला कुणी नव्हतं. एप्रिल संपत आलेला, परीक्षा उरकलेल्या, कॉलेज ओस. मेन बंद केला तरी कंडेन्सरमध्ये वीज साठून राहते, ती आधी जमिनीत उतरवायची आणि मगच हात घालायचा, हे मी दरवर्षी पोरांना घसा फोडून सांगतो. दरवर्षी कुणीतरी विसरतं आणि मी त्याला गाढव म्हणतो. आता स्टुलावर बसून दंड चोळत होतो, बोटांच्या टोकांना मुंग्या येत होत्या, छातीत काहीतरी वेडंवाकडं धडधडत होतं. भीती वाटायला हवी होती, ती नंतर वाटली. आधी वाटला तो आनंद, अगदी निर्लज्ज आनंद. झटका बसला, म्हणजे वीज इथवर येते आहे. ट्रान्सफॉर्मर जिवंत आहे, डायोड जिवंत आहेत. दोष असलाच तर पुढच्या चार पार्टांत कुठंतरी आहे आणि तो सापडणार. मी पेटीवर हात ठेवून, आजाऱ्याच्या उशाशी बसतात तसा, बराच वेळ बसून राहिलो.

पेटी म्हणजे लेसरचा पॉवर सप्लाय. लेसर म्हणजे हातभर लांबीची काचेची नळी, आत हेलियम आणि निऑन हे दोन वायू, दोन्ही टोकांना आरसे चिकटवलेले. नळी पेटायला आठ-नऊ हजार व्होल्ट लागतात आणि एकदा पेटली की दोन हजारांच्या आत भागतं. आमची नळी पेटायची आणि विझायची. पुन्हा पेटायची, पुन्हा विझायची. घरातली ट्यूबलाइट स्टार्टर गेल्यावर करते तसलं काहीतरी. सोमवारी औरंगाबादहून विद्यापीठाची समिती यायची होती. आमच्या कॉलेजात फिजिक्सचं एम.एस्सी. सुरू करायचं की नाही, ते ती ठरवणार होती आणि लेसरचा प्रयोग चालू असलेला दाखवणं ही अट होती. प्राचार्य अण्णाराव रोज सकाळी लॅबच्या दारात उभे राहून, आत न येता, बोलून जायचे. "सर, बाकी समदं मी बघतो. टँकर बघतो, जेवणाचं बघतो, पाव्हण्यांच्या बर्फाचं बघतो. तुमी फकस्त त्यो लाल ठिपका पाडा भिंतीवर." मी म्हणायचो, पडेल, दोष सप्लायमध्येच आहे. अण्णारावांना त्या एम.एस्सी.चं जे काय होतं ते संस्थेसाठी होतं, बोर्डावर रंगवायचं होतं. माझं तसं नव्हतं. माझी मुलगी शिवकांता नुकतीच बी.एस्सी.चे शेवटचे पेपर देऊन बसली होती. एम.एस्सी. लातुरात झालं तर ती शिकणार होती आणि नाही झालं तर उदगीरला, संगप्पा कापडवाल्यांच्या घरात, थोरली सून म्हणून जाणार होती. तिचा मामा शंकरप्पा यानं हे स्थळ आणलं होतं आणि हा तोडगाही त्यानंच काढला होता. "लातुरात हुतंय का? मग शिकू द्या, दोन वर्षं थांबायला ते तयार हायत. पण पोरगी औरंगाबादला एकटी ठिवायची न्हाई. लोक काय म्हंतील?" माझी बायको नागम्मा मान डोलावत होती. मीही डोलावली. मला वाटलं, बरं झालं, यात आता कुणी कुणाशी भांडायचं कारण उरलं नाही. सगळं नळीवर आलं.

दोष शोधायची एक रीत असते. भिंतीपासून सुरुवात करायची आणि एकेक पायरी पुढं जायचं, उडी मारायची नाही. भिंतीतच दीडशे व्होल्ट मिळत होते. लातूर वेगळा जिल्हा झाला तेव्हा आम्हाला वाटलं होतं, आता लाइट जाणार नाही, नळाला पाणी येईल, उस्मानाबादच्या हापिसांचे खेटे संपतील. खेटे संपले, तेवढं खरं. बाकी पाट्यांवरचं जुनं जिल्ह्याचं नाव पुसून नवं घातलं, तेही काही ठिकाणी इतकं पातळ की खालचं अजून वाचता येतं. आणि मग पाऊसच यायचा बंद झाला. पहिल्या वर्षी लोक म्हणाले, होतं असं. आता कुणी काही म्हणत नाही. गल्लोगल्ली बोअरची यंत्रं उभी असतात, दिवसभर जमिनीत ठोकत असतात, पांढरी धूळ उडवतात आणि पाणी लागलं की त्यात मोठी मोटर सोडतात. त्या सगळ्या मोटरा आमच्या लॅबच्या विजेवर जगतात. मी अण्णारावांच्या घरच्या फ्रिजचा स्टॅबिलायझर उचलून आणला. त्यांच्या घरी दूध नासलं, तरी ते काही बोलले नाहीत. दोनशेवीस झाले. नळी पूर्वीपेक्षा जोरात पेटली आणि विझली. मग पेटी उघडली तर आत बोअरची तीच पीठासारखी धूळ बसलेली, आणि धुळीतून वीज टिकटिक करत पळत होती. स्पिरिटचा बोळा घेऊन दोन दिवस एकेक टाका पुसला. टिकटिक थांबली. या कामात एक सुख आहे, ते कुणाला सांगून पटत नाही. काहीतरी बिघडलेलं सापडतं आणि सापडलं की ते नीट करता येतं. माझ्या घरात असं एकही काम नाही.

लेसर आला तो जिल्हा झाला त्याच वर्षी. खंडेनवमीच्या दिवशी खोकं फोडलं, कारण अण्णाराव म्हणाले, एवढी मोठी वस्तू बिनपूजेची लावायची नाही. लॅबमधल्या सगळ्या उपकरणांना आमच्याकडं त्या दिवशी हळद-कुंकू लागतं, तराजूला, दुर्बिणीला, बॅटऱ्यांनाही. प्रयोगशाळा सेवक नरसिंगनं झेंडूची माळ घातली, अण्णारावांनी नारळ फोडला, पाण्याचे शिंतोडे नळीवर उडाले तेव्हा माझा जीव खालीवर झाला. मग मी बटण दाबलं. भिंतीवर कुंकवाच्या टिकलीएवढा लाल ठिपका उमटला आणि संस्थेच्या एका संचालकांनी, आडत व्यापारी ते, टोपी काढून त्याला नमस्कार केला. मी हसलो नाही. कांता तेव्हा अकरावीत होती. सगळे पेढे खायला गेल्यावर तिनं तळहात ठिपक्याखाली धरला आणि म्हणाली, "अप्पा, यात दाणे हायत. मी मान हलवली की दाणे पळतात." मी तिला समजावून सांगितलं ते दाणे कशामुळं दिसतात, आणि सांगता सांगता पाहिलं की ती ऐकत नव्हती, ती बघत होती. इंजिनियरिंग नको, मेडिकल नको, फिजिक्स घेणार, असं तिनं त्यानंतरच सांगितलं असावं. असावं म्हणतो, कारण मला नक्की आठवत नाही आणि जे आठवतं त्यावर माझा आताशा भरवसा नाही. संध्याकाळी लेसर कपाटात गेला. जिल्ह्यात एकच आहे, जपून ठेवा, असं संचालक म्हणाले, अण्णाराव म्हणाले, मीही म्हणालो. पुढं दर खंडेनवमीला तो कापडातून निघायचा, हळद-कुंकू लावून घ्यायचा आणि न पेटता कपाटात जायचा. आमच्या भागात चांगली वस्तू वापरत नाहीत. नवं लुगडं पेटीत, पितळेची घागर माळ्यावर, पाहुण्यांच्या कपबश्या काचेआड. जपणं हेच वापरणं. बरोबर आलेल्या माहितीपत्रकात लिहिलं होतं की नळी महिन्यातून काही तास चालवावी, नाही चालवली तरी तिचं आयुष्य सरतच असतं, कारण हेलियम हा वायू काचेतून, चिकटवलेल्या सांध्यांतून आपोआप निघून जातो आणि बाहेरची हवा हळूहळू आत शिरते. कुणी काही चुकीचं केलं नाही तरी. नुसतं ठेवलं तरी.

हे मला माहीत होतं, म्हणूनच मी सप्लायला चिकटून होतो. पेटीतला पार्ट बदलता येतो. नळी परदेशातून येते, तिला परवाना लागतो, वर्ष लागतं, आणि एम.एस्सी.चा पत्ता नसताना वर्षभर उदगीरवाले थांबत नाहीत. नळीच्या लुकलुकीत रंग नीट दिसत नव्हता, दिसत नाही असं मी ठरवलं होतं. चांगल्या नळीचा उजेड नारंगी-गुलाबी असतो, विस्तवावर फुंकर घातल्यासारखा. एवढ्या क्षणभराच्या उजेडात काय कळणार, असं मी स्वतःला म्हणायचो आणि मीटर उचलायचो.

कंडेन्सर गळका निघाला तेव्हा मी एस.टी.नं नांदेडला गेलो. लातुरात तसला, इतक्या व्होल्टेजचा, कुठं मिळेना. गाडीत माझ्याशेजारी कंधारला उतरणारी एक म्हातारी होती, मांडीवर रिकामी पत्र्याची घागर. मी विचारलं, "आजी, रिकामीच?" ती म्हणाली, "लेकीच्या गावाला हिरीला पानी हाय म्हनं. भरून आणते." मी म्हणालो, एस.टी.त भरलेली घागर कशी आणणार, सांडेल. ती माझ्याकडं बघत राहिली, आणि मग खिडकीबाहेर बघायला लागली. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, नुसती ढेकळं आणि मधेच एखादी चारा छावणी. नांदेडात वजिराबादच्या एका टी.व्ही. दुरुस्तीच्या दुकानात दोन कंडेन्सर मिळाले. दुकानदारानं कुठल्याशा जुन्या सेटमधून काढून, फुंकर मारून दिले. येताना मी ते शर्टाच्या खिशात ठेवले होते आणि दर थोड्या वेळानं चाचपत होतो. त्या परतीच्या प्रवासाइतका मी बऱ्याच वर्षांत सुखी नव्हतो. उन्हानं पत्रा तापला होता, घसा कोरडा पडला होता, आणि मी मनातल्या मनात कांताला एम.एस्सी.च्या पहिल्या वर्गात, पुढच्या बाकावर, बसलेली पाहत होतो. शिकवायला मीच होतो. तिनं अवघड प्रश्न विचारला होता आणि मला उत्तर येत नव्हतं, आणि मला त्याचंही सुख वाटत होतं. घरी आल्यावर नागम्मानं पाणी दिलं, अर्धा तांब्या. "किती येळ त्या डब्याशी खेळून राहिलाव?" ती म्हणाली. "दादाचा निरोप आलाय. उदगीरवाले इच्चारून राहिलेत." मी म्हणालो, सोमवार होऊ दे.

त्याच्या आदल्या महिन्यात कांतानं मला एकदा सरळ विचारलं होतं. मी अंगणात दाढी करत होतो, ती उरलेलं पाणी जास्वंदीला टाकायला उभी होती. "अप्पा, लातुरात न्हाई झालं तर मला औरंगाबादला पाठवताव का? तुमी मामाला सांगताव का?" तोंडाला साबण असला की माणसाला बोलता येत नाही, हे फार सोयीचं असतं. मी आरशातून तिच्याकडं पाहिलं आणि म्हणालो, बघू. तिनं साबणाचं पाणी जास्वंदीच्या बुडाला ओतलं आणि आत गेली. शंकरप्पाला मी घाबरतो असं नाही. तो दांडगा नाही, वाईट तर मुळीच नाही, माझ्या लग्नात त्यानंच धावाधाव केली. पण तो बोलायला लागला की त्याच्या मागं अख्खी जात, अख्खं उदगीर उभं राहून ऐकत असल्यासारखं वाटतं, आणि मग मला आठवतं की माझा आवाज बारीक आहे. वर्गातही मागच्या बाकांना तो ऐकू जात नाही. मी फळ्यावर लिहून भागवतो.

तर आज शनिवार. झटक्यानंतर मी इन्शुलेशनच्या मुठीच्या दांडीनं कंडेन्सरची वीज नीट जमिनीत उतरवली, म्हणजे जे आधी करायचं ते मागून केलं. मग नळीच्या अलीकडचा रेझिस्टन्स तपासला. तापून तापून त्याची किंमत दीडपट झाली होती. विजेचा घसा आवळलेला, नळी विझणारच. मी मोठ्यानं हसलो. माझ्याकडं तसले पाच होते, एक जोडून टाकला, टाके गार होऊ दिले, प्लग लावला, बटण दाबलं. नळी पेटली. मी श्वास धरून विझायची वाट बघत राहिलो. ती विझली नाही. मीटरचा काटा पाच मिलिअँपिअरवर आला आणि खिळा ठोकल्यासारखा थांबला. व्होल्टेज पाहिलं, बरोबर होतं. स्टॅबिलायझर, ट्रान्सफॉर्मर, डायोड, कंडेन्सर, सगळं पुन्हा एकदा पाहिलं, सगळं बरोबर होतं. कंपनीतून आला तेव्हाही हा सप्लाय इतका चांगला चालत नसेल. त्यात आता एकही दोष शिल्लक नव्हता.

भिंतीवर काही नव्हतं. खिडकी बंद केली, पडदा ओढला, तळहात नळीच्या तोंडाशी धरला. काही नव्हतं. नळी मात्र जळत होती, शांतपणे, एकसारखी, आणि आता तिचा रंग पाहायला कितीही वेळ होता. जांभळा. फिकट, निळसर झाक असलेला जांभळा, थंडीत पोरांच्या ओठांना येतो तसला. आत हवा होती. आपण श्वासात घेतो तीच, लातूरची, बोअरच्या धुळीची हवा, कपाटातल्या अंधारात वर्षानुवर्षं सांध्यातून आत सरकलेली. हेलियम केव्हाच निघून गेला असेल, कदाचित दुसऱ्या खंडेनवमीच्या आधीच, आणि आम्ही रिकाम्या काचेला कुंकू लावत बसलो असू. बाहेर बोअरचं यंत्र ठोकत होतं. जोपर्यंत पेटीत बिघाड होता, तोपर्यंत माझ्याकडं काहीतरी होतं, हे मला तेव्हा स्पष्ट कळलं. रोज सकाळी उठून जायला एक जागा होती. अण्णारावांना द्यायला उत्तर होतं. कांता विचारायची, "काय अप्पा?" आणि मी म्हणायचो, सप्लायमध्येच आहे, आज सापडेल. हे सगळं मी माझ्याच हातानं, चांगलं घासूनपुसून, नीट करून संपवलं होतं.

बटण बंद केलं. दांडीनं वीज उतरवली, या वेळी विसरलो नाही. मग मी सोल्डरिंगचं लोखंड उचललं आणि ट्रान्सफॉर्मरकडून येणाऱ्या वायरचा टाका वितळवून ती सोडवली, आणि पेटीच्या कोपऱ्यात, पट्टीच्या मागं, दिसणार नाही अशी वळवून ठेवली.  इतकं सफाईदार काम मी आठवडाभरात केलं नव्हतं. मनात एवढंच होतं की अजून रविवार आहे.

कांता डबा घेऊन आली तेव्हा मी मीटर हातात धरून पेटीत वाकलेलो होतो. "काय अप्पा?" तिनं दारातूनच विचारलं. मी म्हणालो, "कुठंतरी वीज तुटते आहे. पुढं येतच नाही." ती डबा टेबलावर ठेवून माझ्याजवळ येऊन उभी राहिली. उन्हातून चालत आल्यानं तिचा चेहरा लाल झाला होता, पदरानं मान पुसत ती पेटीत बघत राहिली. मी शिकवलेल्या रीतीनंच बघत होती. भिंतीपासून सुरुवात, एकेक पायरी, उडी नाही. "काल तर इथवर येत होती," ती म्हणाली. माझ्या हातातलं मीटर तिनं घेतलं. मी म्हणालो, आधी जेवू, गार होतंय. तिनं ऐकलं नाही. तिचं बोट पट्टीच्या मागं गेलं आणि थांबलं, आणि तिथंच थोडा वेळ राहिलं. वायरचं टोक अजून चकाकत होतं. तुटलेल्या वायरचं टोक वेगळं असतं, वितळवून सोडवलेल्याचं वेगळं, हे तिला पहिल्या वर्षापासून कळतं.  तिनं लोखंड हातात घेतलं. ते गरमच होतं, आणि ते का गरम आहे हे तिनं विचारलं नाही. वायर जागेवर धरून तिनं एकच टाका घातला, चांगला, गोल, फुंकर मारली, मला हातानं मागं सारलं आणि बटण दाबलं.

नळी जांभळी पेटली आणि पेटलेलीच राहिली. कांतानं एकदा भिंतीकडं पाहिलं.

"नळी गेली," ती म्हणाली.

"हो."

"तुमाला माहीत होतं."

"आजच. आत्ताच." मग मी घाईघाईनं म्हणालो, "काही वेळा चालू ठेवली की रंग सुधारतो. तासतास ठेवायची. असं झालेलं आहे."

 ती स्टूल ओढून बसली, हात मांडीवर ठेवले. बराच वेळ आम्ही दोघं त्या उजेडाकडं बघत बसलो, रंग सुधारला नाही. मग ती खाली बघत, हलक्या आवाजात म्हणाली, "औरंगाबादचे फॉर्म अजून मिळून राहिलेत, अप्पा. सोपं हाय भरायला."

माझ्या जिभेवर काहीतरी होतं. नुसतं हो म्हणायचं होतं, एवढं एक अक्षर. पण त्या अक्षरामागं शंकरप्पाचा ओटा होता, तिथं बसलेली माणसं होती, नागम्माचं रडणं होतं, आणि मी मध्ये उभा राहून बारीक आवाजात बोलत होतो आणि कुणालाच ऐकू जात नव्हतं. मी म्हणालो, "आधी मुंबईला कंपनीला लिहून बघतो. एखादी नळी त्यांच्याकडं शिल्लक असेल. समितीला म्हणावं, दोष सप्लायमध्येच आहे, महिन्याभराची मुदत द्या."

कांता हसली. वाईट हसली नाही, लहान मुलाशी हसतात तसं. मग उठून तिनं बटण बंद केलं, दांडी घेऊन वीज उतरवली आणि दांडी खिळ्याला अडकवली.

"उदगीरला हो म्हणून कळवा," ती म्हणाली.

त्या क्षणी मला दुःख व्हायला हवं होतं. ते पुढं होईल, आयुष्यभर होईल, मला स्वतःची तेवढी ओळख आहे. पण त्या क्षणी मला हायसं वाटलं. कुणापुढं उभं राहायचं नव्हतं, आता कुणाला काही सांगायचं नव्हतं. खांदे खाली आले, आणि एक मोठा सुस्कारा माझ्या तोंडून निघून गेला. मी तोंड फिरवलं, पण उशीर झाला होता. कांतानं ते पाहिलं होतं.

"जेवून घ्या, अप्पा," ती म्हणाली आणि डब्याचं झाकण काढायला लागली.